टाकाऊतून भुताटकी

दिवाळीच्या आधी आमच्या घरात एक युद्ध होतं आणि ते मी दरवर्षी हरतो. युद्ध माळ्यावरच्या सामानाचं. समोर आई. तिच्याकडे शस्त्र एकच, "राहू दे रे, कधीतरी लागेल." एवढ्या एका वाक्याच्या जोरावर ठाण्यातल्या, वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्या-हॉलच्या फ्लॅटमध्ये तेलाचे पाच लिटरचे सात रिकामे कॅन, दांडा नसलेली कढई, कढई नसलेलं झाकण, सुतळीचे गुंडे, विरलेले पंचे आणि बाबांची लांब दांड्याची काळी छत्री सुखानं नांदत होती.

यंदा मात्र मी जिंकलो. नवरात्रानंतर आई आठ दिवस वेंगुर्ल्याला मामाकडे गेली, तेवढ्यात मी भंगारवाल्याला वर बोलावलं. सगळं मिळून एकशे दहा रुपये आले. ते मी खिशात ठेवले नाहीत, पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवले. आई परत आली, माळ्याकडे एकदा बघितलं आणि काही बोलली नाही. आई बोलली नाही म्हणजे प्रकरण मिटलं असं समजणारा माणूस कोकणात जन्मलेला नसतो.

भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली आणि दोनच दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर नोटीस झळकली. ३१ ऑक्टोबर, शुक्रवार, संध्याकाळी सात वाजता हॅलोविन, म्हणजे भुताखेतांचा परदेशी सण. प्रत्येक मजल्यानं आपापली लॉबी सजवायची, परीक्षक फिरून गुण देणार. खाली ठळक अक्षरांत अट होती: नवीन काहीही विकत आणायचं नाही, घरातल्या जुन्या वस्तूच वापरायच्या. टाकाऊतून टिकाऊ!

हा शब्दप्रयोग वाचला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड केला होता. पेन ठेवलं की तो आडवा व्हायचा. बाईंनी शेरा दिला होता, "रिकामा ठेवल्यास उत्तम."

पण माझी लेक ईरा सहावीत आहे आणि मजल्याची स्वयंघोषित कार्याध्यक्ष आहे. तिनं तीन व्हिडिओ बघून यादी करून ठेवली होती. पहिली वस्तू टॉयलेट पेपर संपल्यावर उरणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या, बारा. त्यांना डोळे कापायचे, आत दिवा सोडायचा आणि झुडपात लपवायच्या. आमच्या घरात पाण्यावर श्रद्धा असल्यामुळे नळ्या शून्य. दुसरी वस्तू दुधाचे मोठे प्लास्टिकचे कॅन, आठ. आमच्याकडे दूध अर्ध्या लिटरच्या पिशवीत येतं आणि पिशवीतून सांगाडा उभा राहत नाही, मी प्रयत्न केला. तिसऱ्या ओळीत "बाकी सामान थ्रिफ्ट स्टोअरमधून" असं होतं. तिकडे लोक जुन्या वस्तू दान करतात आणि ही दुकानं त्या स्वस्तात विकतात. आपल्याकडे हे दुकान डोक्यावर पाट्या घेऊन स्वतःच दारात यायचं आणि दोन पँटींवर एक स्टीलचं पातेलं द्यायचं. आता बोहारणीला गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही.

"दुधाचे कॅन नाहीत, तर तेलाचे चालतील ना बाबा? आजीकडे होते सात," ईरा म्हणाली. "आणि वटवाघळांना काळी छत्री लागते. ती पण होती."

होती.

मी वागळे इस्टेटच्या बाजूला त्या भंगारवाल्याच्या गाळ्यावर गेलो. माझा संसार तिथे कोपऱ्यात तसाच पडला होता. त्याच्या लेखी मी दहा दिवसांपूर्वीचा साहेब होतो आणि आता गरजू होतो. छत्रीचे त्यानं ऐंशी रुपये सांगितले. मी म्हटलं, अरे, सगळ्या सामानाचे मिळून एकशे दहा दिले होतेस! त्यावर तो अत्यंत शांतपणे म्हणाला, "सेठ, लेते टाइम किलो पे, देते टाइम पीस पे." मला वाटतं व्यापाराचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. छत्री, चार कॅन आणि पंच्यांचं गाठोडं मिळून दोनशे साठ रुपयांना माझीच मालमत्ता मला परत मिळाली. अट "विकत आणायचं नाही" अशी होती. पण स्वतःच्याच वस्तू सोडवून आणणं हे विकत घेण्यात मोडतं का, हा प्रश्न मी समितीला विचारला नाही.

गाठोडं घेऊन लिफ्टमधून बाहेर पडलो तर दारात आई. रागावली की ती मालवणीत येते आणि फार खूश झाली तरी येते. तिनं गाठोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "लागला मां?"

पुढचे चार दिवस घरात जे चाललं त्याला सजावट म्हणणं हा सजावटीचा अपमान होईल. सुरुवात जळमटांपासून. देवघरातला वातींचा कापूस घ्यायचा, बोटांनी ताणत ताणत इतका विरळ करायचा की त्यातून पलीकडचं दिसावं, आणि भिंतीच्या कोपऱ्यात अडकवायचा. युक्ती खरोखर चांगली आहे. फक्त पंधरा दिवसांपूर्वी त्याच लॉबीतली खरी जळमटं बायकोनं स्टुलावर चढून, नाकाला ओढणी बांधून काढली होती. तिनं मला कापूस ताणताना बघितलं आणि विचारलं, "मग मी मान मोडून घेतली ती कशाला?" याचं उत्तर कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मग भुतं. कृती अशी: बाटलीवर फुगा बसवायचा, पातळ कापड गोंदाच्या पाण्यात बुडवून त्यावर पांघरायचं, कडक वाळलं की फुगा फोडायचा. कापड हवेत उभं राहतं आणि आत काही नसतं, त्यामुळे भूत वाटतं. गोंद आणायचा नाही म्हणून आईनं साबुदाण्याची खळ करून दिली. बाबांच्या धोतराला ती हीच खळ घालायची. पण त्या आठवड्यात पाऊस जायचं नाव घेईना. पंचे वाळले नाहीत, नुसते चिकट झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर एक भूत चक्क हलत होतं. ईरा आनंदानं ओरडली. जवळ जाऊन बघितलं तर लाल मुंग्या. साबुदाणा त्यांनाही उपासाला चालत असावा. उरलेली दोन भुतं मी पंख्याखाली धरून कशीबशी उभी केली. आईनं चष्मा लावून त्यांचं निरीक्षण केलं आणि निकाल दिला, "ह्यां भूत नाय. ह्यां वाळत घातलेलां धुणां."

तेलाच्या कॅनांची गंमत वेगळीच. कॅन उलटा धरला की मूठ नाकासारखी दिसते, दोन्हीकडे डोळे काढायचे, आत दिवाळीची लाइटची माळ सोडायची, कवटी तयार. मी कॅन गरम पाणी आणि सोड्यानं तीनदा धुतले. पण शेंगदाणा तेल हे अंगात मुरतं. त्यावर मार्कर टेकेना. डोळे काढले की पाच मिनिटांत ते ओघळून हनुवटीपर्यंत यायचे. चारही कवट्या ढसाढसा रडत होत्या. हे मात्र मी तसंच ठेवलं, कलाकारानं कुठे थांबावं हे त्याला कळायला हवं.

छत्री तेवढी जमली. तिला आठ काड्या आणि आठ पाकळ्या असतात. दोन-दोन पाकळ्या काड्यांसकट उसवल्या की एक वटवाघूळ पंखांसकट तयार मिळतं, कापावंसुद्धा लागत नाही. चार वटवाघळं सुतळीनं उलटी टांगली. बाबांची छत्री अशी फाडताना मला जरा चोरट्यासारखं होत होतं. आई येऊन बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ह्यांनी वाऱ्यात उघडली की नेहमी उलटी व्हायची. आता निदान मुद्दाम उलटी आहे."

खरा तंटा केरसुणीवरून झाला. ईराला चेटकीण हवी होती आणि चेटकिणीला झाडू. तिनं जुनी केरसुणी उचलली. आठवडाभरापूर्वीच लक्ष्मीपूजनाला हिच्याच नव्या बहिणीला हळदकुंकू वाहिलेलं. "लक्ष्मीवर चेटकीण बसवतेस?" आईचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथला झाडू लगेच आत गेला. शेवटी चेटकिणीला बाथरूमचा खराटा मंजूर झाला.

भोपळ्याला समितीनं सूट दिली होती, कारण तो खाता येतो. जांभळी नाक्यावर अख्खा लाल भोपळा मागितला तर भाजीवाली म्हणाली, लग्न आहे का? चार किलोचं ते प्रकरण घरी आणलं. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्याला बाईनं पहिली सुरी लावायची नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. झाकण सरळ कापलं तर ते आत पडतं, सुरी तिरकी धरून कापलं तर काठावर बसतं. हे मला झाकण आत पडल्यावर कळलं. शिवाय व्हिडिओतला भोपळा गोल आणि पोकळ. आपला चपटा आणि मांसल. त्याला चेहरा कोरल्यावर भूत वगैरे काही वाटेना, गालफुगी झालेला सरकारी कर्मचारी वाटत होता. आतल्या गराचे आईनं घारगे केले, ते अप्रतिम झाले.

गर काढता काढता मी आईला माहिती पुरवत होतो. की हा मुळात आयर्लंड-स्कॉटलंडकडचा सुगीनंतरचा सण, नाव साउइन.

"श्रावण?"

"साउइन, आई. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात असं मानायचे. पुढे १ नोव्हेंबरला सगळ्या संतांचा दिवस आला, त्याची आदली संध्याकाळ म्हणून हॅलोविन."

"म्हणजे सर्वपित्री. पान वाढतात का?"

"चॉकलेट देतात. पोरांना."

आईनं यावर मत दिलं नाही. मग मी जॅकची गोष्ट सांगितली. एक महाकंजूष जॅक, त्यानं सैतानाला फसवलं, मेल्यावर स्वर्गात घेतलं नाही आणि नरकातही नाही, म्हणून कोरलेल्या सलगमात निखारा घेऊन तो अजून भटकतो. आयरिश लोक सलगमच कोरायचे, अमेरिकेत गेले तेव्हा तिथे भोपळा सापडला, तो मोठा आणि कोरायला सोपा. असा भयंकर चेहरा दारात ठेवला की वाईटसाईट आत येत नाही.

"मग आपण कोहळा टांगतो ना दाराला," आई म्हणाली. "काळी बाहुली आहे, लिंबू-मिरची आहे. त्यांना हाकलायचं सामान दारावर आणि बोलवायचं सामान लॉबीत. त्यांनी करावं काय?"

मी म्हटलं, गेल्या वर्षी तर ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी कारीट फोडायचं, संध्याकाळी भूत व्हायचं.

"आमच्या आरवलीच्या वेतोबाला बघ," ती म्हणाली. "गावभर रात्री राखण करत फिरतो, चपला झिजतात म्हणून लोक हाताएवढ्या चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. त्याला असलं काही करावं लागत नाही. नुसत्या चपला बघितल्या तरी माणूस गप्प बसतो."

३१ तारखेला सात वाजता पोरांची टोळी आली. मुखवटे, तोंडाला रंग, हातात पिशव्या. वटवाघळं हलत होती, कवट्या रडत होत्या, भोपळा फुगून बसला होता. एक साताठ वर्षांचा ड्रॅक्युला माझ्या भुताजवळ गेला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सो क्यूट!" चार दिवसांची माझी साबुदाण्याची तपश्चर्या त्या एका शब्दानं विरघळली. ईराचा चेहरा भोपळ्यासारखा झाला. परीक्षक वरच्या मजल्यावरून सुरुवात करत खाली येत होते.

आईनं हे सगळं दारातून बघितलं. टोळी वरच्या मजल्यावर गेल्यावर ती तांदळाच्या पिठाचा वाडगा घेऊन बाहेर आली. गुडघे दुखतात तरी खाली बसली. लक्ष्मीपूजनाला काढते तशीच पावलं, मुठीची करंगळीकडची बाजू पिठात बुडवून टेकवायची, वर बोटांनी पाच ठिपके. फक्त या पावलांच्या टाचा आमच्या दाराकडे होत्या आणि बोटं लिफ्टकडे. दारापासून लिफ्टपर्यंत काळ्या ग्रॅनाइटवर एकामागून एक पांढरी पावलं उमटली. मग तिनं माझी लाइटची माळ बंद केली, लॉबीचा एकच दिवा ठेवला, दार अर्धवट उघडं ठेवलं आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून वाती वळत बसली.

टोळी परत खाली आली. ड्रॅक्युला पुढे होता. तो थांबला.

"आजी, तुमच्या घरातून कोण बाहेर गेलं?"

आईनं मान वर केली नाही. "बाहेर नाही गेलं रे बाळा कुणी."

"पण ही पावलं..."

"तिची पावलं उलटी असतात ना," आई म्हणाली. "ती आत आलीय."

मी त्या सोसायटीत अकरा वर्षं राहतोय. इतकी मुलं इतक्या कमी आवाजात जिना उतरताना मी पहिल्यांदाच पाहिली. ड्रॅक्युलाची चॉकलेटची पिशवी लॉबीतच राहिली. परीक्षक आले, पावलांच्या कडेकडेनं, भिंतीला धरून चालले आणि कवट्यांकडे न बघताच पहिला नंबर लिहून गेले. बक्षीस म्हणून झाकणाच्या सहा प्लास्टिकच्या डब्यांचा सेट मिळाला, मोठ्या खोक्यात. डबे आईनं ओट्यावर ठेवले आणि खोकं माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या मावशी लिफ्टमधून बाहेर पडल्या, पावलं बघितली आणि तशाच खाली गेल्या. "पुसून झाली की फोन करा," एवढंच म्हणाल्या. बायको म्हणाली, तुमच्या आईंनी काढलीत, तुम्हीच पुसा. ईरा पांघरुणातून बाहेर येईना. तुळशीचं लग्न दुसऱ्या दिवसावर, लॉबी स्वच्छ हवी. मी बादली घेतली, फडकं पिळलं आणि उंबऱ्याजवळ उकिडवा बसलो. तेवढ्यात आतून आईचा आवाज आला.

"आतून बाहेर पूस हां. बाहेरून आत पुसलंस तर..."

वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी फडकं हातात धरून विचार केला. पावलं आत येणारी, पण दिसतात बाहेर जाणारी. मग तिच्या हिशोबात आत कुठलं आणि बाहेर कुठलं? आईला विचारावं तर ती देवघरात घंटा वाजवत होती. समोरच्या दाराच्या भिंगातून शेजारी बघतायत हे मला कळत होतं.

शेवटी मी आडवं पुसलं.