दोरीला बांधलेला चेंडू : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

फुटबॉलमधली किक सुधारण्यासाठी सोबत नेता येतील अशा साधनांविषयीच्या माझ्या लेखावर आपण ‘एक जुना खेळाडू’ या नावाने प्रतिक्रिया दिली आहे. ती वाचली त्याच रात्री मी एक उत्तर लिहिले होते आणि सकाळी ते खोडून टाकले. हे दुसरे उत्तर आहे. पहिल्यापेक्षा ते सौम्य आहे, एवढे आपण गृहीत धरावे.

इतर वाचकांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात मांडतो. कमरेच्या पट्ट्याला लवचिक दोरीने बांधलेला चेंडू मारून शेवटी तो कुठे गेला असता आणि त्याला फिरकी किती मिळाली हे मारणाऱ्याला कधीच कळत नाही, असे आपण म्हणता. चेंडू उलटून अंगावर येईल या धास्तीने खेळाडू पाय अर्ध्यावरच आखडतो आणि तीच खोड मैदानात घेऊन जातो, हा आपला दुसरा मुद्दा. घडी करून नेता येणाऱ्या रिबाउंडरपेक्षा, म्हणजे मारलेला चेंडू परत पाठवणाऱ्या जाळीपेक्षा, साधी भिंत बरी, कारण नेदरलँड्सचा फुटबॉलपटू डेनिस बर्गकॅम्प याला लहानपणी भिंतच पुरली होती, हा तिसरा. आणि दहा वर्षांच्या मुलांना मी पूर्ण मापाचा चेंडू सुचवला ही चूक आहे, हा चौथा. आपण इथेच थांबला असतात तर हे उत्तर चार ओळींचे झाले असते. पण शेवटी आपण लिहिले आहे : ‘ज्याने कधी मोकळ्या मैदानावर चेंडू मारलेला नाही, त्यालाच दोरीला बांधलेल्या चेंडूचे एवढे कौतुक वाटू शकते.’

या वाक्यापाशी मला थांबावेच लागेल.

पहिली गोष्ट अशी, की हे वाक्य दोरीविषयी नाही, माझ्याविषयी आहे. साधन वाईट आहे हे सिद्ध करण्याऐवजी ते सुचवणारा माणूस अनुभवशून्य आहे असे आपण सुचवता, आणि तेही ‘वाटू शकते’ अशा सावध क्रियापदाच्या आडून, म्हणजे उद्या कोणी जाब विचारला तर निसटायला वाट राहते. पोहण्याच्या तलावात हाताखाली फळी धरून पाय मारणारे जलतरणपटू आपण पाहिले असतील. त्यांना पोहता येत नाही म्हणून ते फळी धरतात, असा निष्कर्ष आपण काढत नाही. हात बाजूला ठेवून फक्त पायांकडे लक्ष देता यावे म्हणून ती फळी असते. दोरीचेही काम तेवढेच आहे. चेंडूमागे धावण्यात जाणारा वेळ आणि चेंडू कुठे गेला याची उत्सुकता ती बाजूला काढते, आणि उरतो तो फक्त पाय व चेंडू यांचा स्पर्श.

दुसरी गोष्ट म्हणजे मोकळे मैदान. मी खेळायला उशिरा, पंधराव्या वर्षी, सुरुवात केली आणि पहिली दोन वर्षे बुटाच्या टोकाने चेंडू मारत होतो. टोकाने मारलेला चेंडू कधीकधी सुसाट जातो, त्यामुळे आपल्याला मारता येते असा माझा भक्कम गैरसमज झाला होता. आमच्या प्रशिक्षकांनी एके दिवशी मला मैदानाच्या कडेला उभे केले, जाळीच्या पिशवीत चेंडू घातला आणि पिशवीची दोरी माझ्या हातात दिली. बुटाच्या नाड्या जिथे बांधतात तिथल्या हाडाने चेंडू मारायचा, चवडा खाली ताणलेला आणि घोटा घट्ट ठेवायचा, आणि डाव्या पायाने शंभर व उजव्या पायाने शंभर झाल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. इतर मुले खेळत असताना दोरी धरून कडेला उभे राहणे किती लाजिरवाणे असते हे मला आपल्याकडून शिकायची गरज नाही. ‘खेळणे’ हा आपण दोरीसाठी वापरलेला शब्दही मला नवा नाही. तो मी तेव्हा रोज ऐकत असे, आणि ऐकवणारे आपल्यापेक्षा बरेच स्पष्टवक्ते होते.

पण त्या दोरीने माझा घोटा घट्ट केला, आणि ही केवळ आठवण नाही, त्यामागे कारण आहे. पाय आणि चेंडू यांचा संपर्क सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाइतकाच टिकतो. चांगल्या खेळाडूची जोरदार किक सेकंदाला २५ ते ३० मीटर वेगाने सुटते, आणि स्थिर चेंडू त्या वेगापर्यंत पोहोचेतो पायाला चिकटून वीतभर अंतरही पुढे गेलेला नसतो. घोटा सैल असेल तर याच वीतभरात पाऊल मागे झुकते आणि पायाचा वेग चेंडूत उतरण्याऐवजी सांध्यात विरतो. चेंडू जमिनीवर ठेवलेला असेल तर या संपूर्ण अवधीत कमरपट्ट्याची दोरी सैलच पडलेली असते. ती ताणली जाते तेव्हा पायाचे काम केव्हाच संपलेले असते. म्हणजे स्पर्शापुरता पाहिले तर बांधलेला चेंडू आणि सुटा चेंडू यांत फरक नाही. आपल्या प्रतिक्रियेत वीतभर अंतराचा हा विचार मला कुठे दिसला नाही. मोकळ्या मैदानाचा अभिमान मात्र भरपूर दिसला.

आता माझ्याच बाजूचा एक प्रसंग प्रामाणिकपणे सांगतो, कारण तो लपवला असे आपण म्हणावे अशी माझी इच्छा नाही. तीन-चार महिन्यांच्या त्या सरावानंतर एका सामन्यात मला पेनल्टी मिळाली. ११ मीटर अंतर, समोर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल. घोटा दगडासारखा घट्ट होता, आवाज सुरेख आला आणि चेंडू आडव्या खांबाच्या इतका वरून गेला की गोलरक्षकाने हातसुद्धा उचलले नाहीत. प्रशिक्षक नंतर म्हणाले, ‘घोटा तयार झाला, पण चेंडू कुठे जातो हे तू इतक्या दिवसांत पाहिलेलेच नाहीस.’ त्यांचे हे वाक्य आपल्या मुद्द्याला पुष्टी देते असे आपण लगेच म्हणाल. तसे ते नाही. त्या दिवशी मैदान ओले होते, माझा आधाराचा पाय चेंडूच्या बाजूला पडण्याऐवजी बराच मागे पडला, धड मागे झुकले आणि बूट चेंडूखाली गेला. दोष आधाराच्या पायाचा होता, दोरीचा नव्हता.

आधाराच्या पायाचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे लिहितो, कारण मूळ लेखाचा निम्मा भाग त्यावरच होता आणि आपण त्याचा उल्लेखही केलेला नाही. धावत येताना चेंडूच्या दिशेशी ३० ते ४५ अंशांचा कोन ठेवावा, आधाराचे पाऊल चेंडूच्या शेजारी एका हाताच्या पंजाइतक्या अंतरावर पडावे आणि त्याचा चवडा लक्ष्याकडे असावा, एवढे कोणीही तोंडी सांगतो. पण स्वतःचा पाय कुठे पडला हे मारणाऱ्याला दिसत नाही, कारण त्या क्षणी त्याची नजर चेंडूवर असते. म्हणून गुंडाळून पिशवीत ठेवता येईल अशी, पावलाची खूण छापलेली चटई मी सुचवली होती, आणि ती प्रत्येक किकला अंथरू नये, दोन-तीन किकनंतर काढून घ्यावी, असेही बजावले होते. सल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी १९८४ मध्ये कौशल्य शिकण्याविषयीच्या संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात हीच अडचण मांडलेली आहे : प्रत्येक प्रयत्नाला बाहेरून मार्गदर्शन मिळाले तर सराव चालू असताना कामगिरी चांगली दिसते, पण मार्गदर्शन काढून घेतले की ती घसरते. साधनावर अवलंबून राहण्याचा धोका मला ठाऊक नाही असे आपल्याला वाटत असेल, तर आपण लेख शेवटपर्यंत वाचला नसावा. (‘नसावा’ हे क्रियापद मीही वापरू शकतो.)

दोरीवर फिरकी कळत नाही हा आक्षेप मात्र विचित्र आहे, कारण ते मीच लिहिले होते. फिरणाऱ्या चेंडूच्या एका बाजूची हवा जास्त वळवली जाते आणि चेंडू उलट बाजूला ढकलला जातो, यालाच माग्नुस परिणाम म्हणतात. पण तो नजरेत भरण्याइतका साठायला चेंडूला लांबचे उड्डाण हवे. ब्राझीलच्या रॉबर्टो कार्लोसने ३ जून १९९७ रोजी लियाँमध्ये फ्रान्सविरुद्ध डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलेली फ्री किक सुमारे ३५ मीटरवरून होती. तेवढ्या अंतरात चेंडू आधी समोर उभ्या खेळाडूंच्या भिंतीच्या बाहेरून गेला आणि मग आत वळला. दोन-तीन मीटरच्या दोरीवर हे कसे दिसणार? म्हणून फिरकीच्या सरावासाठी सुटा चेंडू, गोलच्या कोपऱ्यात टांगायचे लक्ष्यपट आणि त्या खेळाडूंच्या भिंतीच्या जागी ९.१५ मीटरवर उभे करायचे हवा भरलेले पुतळे, ही साधने मी वेगळ्या परिच्छेदात दिली होती. तो परिच्छेद आपल्या नजरेतून कसा सुटला हे मला समजलेले नाही.

पाय आखडण्याविषयी एवढेच सांगतो, की जो आखडतो त्याने आखडू नये. दोरी लांब करता येते, चेंडू उलट येताना बाजूला होता येते, आणि किकनंतर मारणारा पाय लक्ष्याकडे पुढे जाऊन जमिनीवर टेकेपर्यंत पुढची किक मोजायची नाही असा नियम स्वतःला घालून घेता येतो. हा दोष साधनाचा म्हणायचा असेल तर बूट चावतो म्हणून अनवाणी खेळावे, असेही म्हणता येईल.

भिंतीबद्दलही मला फारसे बोलायचे नाही. बर्गकॅम्प लहानपणी भिंतीवर चेंडू मारत असे हे सर्वश्रुत आहे, आणि भिंतीची निंदा मी कुठेही केलेली नाही. पण भिंत खांद्यावर टाकून नेता येत नाही, आणि तिचा कोन बदलता येत नाही. रिबाउंडरची जाळी मागे कलवली की तोच चेंडू हवेतून परत येतो आणि व्हॉलीचा, म्हणजे चेंडू जमिनीवर पडण्याआधीच मारण्याचा, सराव होतो. सरळ भिंतीवर जमिनीलगत मारलेला चेंडू जमिनीलगतच परत येतो. बर्गकॅम्पला भिंत पुरली हे खरे असले, तरी भिंत पुरलेला प्रत्येक मुलगा बर्गकॅम्प झाला नाही.

चेंडूच्या मापाबद्दल आपले म्हणणे मला मान्य आहे. पाच नंबरच्या चेंडूचा परिघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. दहा वर्षांच्या मुलाला चार नंबरचा, म्हणजे ६३.५ ते ६६ सेंटिमीटर परिघाचा आणि ३५० ते ३९० ग्रॅम वजनाचा चेंडू द्यायला हवा. मोठा चेंडू दिला तर मूल जोर काढण्यासाठी कंबरेतून मागे झुकते आणि वर जी माझी पेनल्टीची कथा सांगितली तीच घडते. ही माझी चूक होती, आणि ती दाखवल्याबद्दल मी आपला आभारी आहे. चूक दाखवणाऱ्याची भाषा चांगली असती तर हे आभार मानताना मला जास्त आनंद झाला असता.

जाता जाता एक गोष्ट, जी आपल्याही लक्षात आलेली नाही आणि लेख लिहिताना माझ्याही राहून गेली. पिशवीत मावणाऱ्या सगळ्या साधनांत मला आज सर्वांत मोलाचा वाटतो तो हातपंप आणि त्यासोबतचा दाबमापक. नियमांनुसार चेंडूतील हवेचा दाब ०.६ ते १.१ अॅटमॉस्फिअर असू शकतो, म्हणजे वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट आहे. मऊ चेंडूवर बसलेली किक कडक चेंडूवर वेगळीच लागते, आणि खेळाडू मात्र आठवडाभर स्वतःच्या पायाला दोष देत बसतो. दोरीबरोबर मिळणारे चेंडू बहुधा अर्धवट भरलेले असतात. आपल्याला दोरीविरुद्ध बोलायचेच होते तर हा मुद्दा सर्वांत सबळ होता, आणि तो आपण हातचा घालवलात.

चेंडूच्या मापाचे वाक्य मी आजच दुरुस्त केले आहे आणि हवेच्या दाबाविषयी चार ओळी वाढवल्या आहेत. दोरीच्या परिच्छेदातले एक अक्षरही बदललेले नाही. फक्त ‘रोज’च्या जागी ‘आठवड्यातून तीनदा’ असे केले आहे, आणि शेवटी ‘त्यानंतर दोरी सोडून तितक्याच किक सुट्या चेंडूवर माराव्यात’ एवढे वाक्य जोडले आहे. हा बदल मी आधीच करणार होतो, तेव्हा त्याचे श्रेय आपण घेऊ नये.

आपला,
लेखक