सी-शून्य अवकाश आणि कॉम्पॅक्ट फलनांचा विस्तार : एका आक्षेपाला उत्तर

आपला आक्षेप असा आहे : आरोन्शाइन आणि पानिचपाक्दी यांच्या १९५६ च्या प्रमेयानुसार, अंतर न वाढवणारे प्रत्येक फलन मोठ्या मेट्रिक अवकाशावर (ज्यात कोणत्याही दोन बिंदूंतील अंतर ठरलेले असते अशा संचावर) अंतर न वाढवताच विस्तारता येणे हा हायपरकॉन्व्हेक्स अवकाशांचाच, म्हणजे ज्यांत प्रत्येक जोडीच्या केंद्रांतील अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा जास्त नसलेल्या कितीही बंद गोलांना सामाईक बिंदू असतो अशा अवकाशांचाच, गुणधर्म आहे; शून्याकडे जाणाऱ्या वास्तव क्रमिकांचा सी-शून्य हा अवकाश (यात दोन क्रमिकांतील अंतर म्हणजे त्यांच्या पदांतील सर्वांत मोठा फरक) तसा नाही; म्हणून त्यात कॉम्पॅक्ट फलने विस्तारता येतात हे माझे विधान टिकत नाही. पहिली दोन विधाने निर्विवाद आहेत, पण त्यांतून तिसरे निघत नाही, कारण ते प्रमेय सर्व फलनांविषयी आहे आणि मी केवळ ज्यांची प्रतिमा एखाद्या कॉम्पॅक्ट संचात (ज्यातील प्रत्येक क्रमिकेला त्याच संचातील बिंदूकडे अभिसारी होणारी उपक्रमिका असते) सामावते अशा फलनांविषयी लिहिले होते.

आपण एकक क्रमिकांभोवती (एक पद १, बाकी सर्व ०) १/२ त्रिज्येचे बंद गोल घेतलेत. त्यांतील कोणत्याही सांत गोलांना सामाईक बिंदू असतो, पण सर्वांच्या सामाईक बिंदूचे प्रत्येक पद किमान १/२ असावे लागेल आणि अशी क्रमिका शून्याकडे जाणार नाही. उदाहरण अचूक आहे; मात्र ही केंद्रे परस्परांपासून १ अंतरावर असल्याने त्यांची एकही उपक्रमिका अभिसारी नाही, म्हणजे ती कोणत्याही कॉम्पॅक्ट संचात बसूच शकत नाहीत.

याउलट, प्रतिमा कॉम्पॅक्ट संचात असली की तिच्यातील क्रमिकांच्या n-व्या पदाच्या निरपेक्ष मूल्याची वरची मर्यादा, n वाढेल तशी, शून्याकडे जाते. प्रत्येक पद हे अंतर न वाढवणारे वास्तव फलन असते. ते मॅकशेन यांच्या १९३४ च्या रीतीने मोठ्या अवकाशावर विस्तारावे आणि किंमत त्या पदाच्या मर्यादेबाहेर गेल्यास मर्यादेवरच छाटावी. छाटल्याने अंतरे वाढत नाहीत, विस्ताराची प्रतिमाही कॉम्पॅक्ट संचात राहते, आणि अंतरे वाढू देण्याची एप्सिलॉनइतकीही (कितीही लहान) सूट घ्यावी लागत नाही. मला या सिद्धतेत हेच सर्वांत आवडते.

मग छेदाची अट, म्हणजे जोडीजोडीने छेदणाऱ्या सांत गोलांना सामाईक बिंदू असलाच पाहिजे ही अट, हवीच कशाला, असेही आपण विचारले आहे. त्रिमितीय अवकाशात सहनिर्देशकांतील फरकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज हे अंतर माना आणि (१, १, १), (१, −१, −१), (−१, १, −१), (−१, −१, १) ही केंद्रे घ्या. प्रत्येक जोडीतील अंतर ४ आहे, म्हणून २ त्रिज्येचे गोल जोडीजोडीने छेदतात. पहिल्या तिघांना (१, १, −१) हा बिंदू सामाईक आहे. पण कोणत्याही बिंदूपासून चारही केंद्रांपर्यंतच्या अंतरांची बेरीज किमान १२ भरते, आणि सामाईक बिंदूसाठी ती ८ पेक्षा जास्त चालणार नाही. म्हणजे प्रतिमेत अवघे ४ बिंदू असूनही, त्या चौघांपासून २ अंतरावर असलेल्या पाचव्या बिंदूपर्यंत फलन विस्तारता येत नाही. लिंडेनश्ट्राउस यांनी १९६४ मध्ये दाखवले की वास्तव बानाख अवकाशात (लांबी मोजता येणाऱ्या पूर्ण सदिश अवकाशात) जोडीजोडीने छेदणाऱ्या कोणत्याही ४ गोलांना सामाईक बिंदू असेल, तर तसा तो कितीही सांत गोलांना असतो. ३ गोलांवर का भागत नाही, ते वरच्या उदाहरणात दिसतेच.