लवंग, लसूण आणि उरलेल्या चार गोळ्यांनी दाढेतला पू जात नाही

‘दाढेत पू झालाय? डेंटिस्टला पैसे देऊ नका’ असा एक मेसेज सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून गाल सुजलेल्या आमच्या मावशीने दवाखान्याची ठरलेली वेळ रद्द केली, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज म्हणतो : लवंगतेल आणि ठेचलेला लसूण लावा, बाहेरून गरम शेक द्या, घरात उरलेल्या ॲमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घ्या, ठणका थांबला की दात बरा झाला. शिवाय रूट कॅनॉलने कॅन्सर होतो आणि वरची दाढ काढली की नजर जाते.

लवंगेचं अर्धं खरं आहे, ते मान्य. लवंगतेलातल्या युजेनॉलने बधिरता येते आणि डेंटिस्टसुद्धा तात्पुरत्या सिमेंटमध्ये ते वापरतात. पण त्याने कळ दबते, मुळाशी साठलेला पू जागचा हलत नाही. निव्वळ तेल हिरडीवर ओतलं तर हिरडी भाजते. कच्चा लसूण किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवली तरी तेच, वर एक पांढरी जखम होते.

सगळ्यात घातक आहे तो गोळ्यांचा सल्ला. दाताच्या आत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गर असतो, त्यालाच आपण नस म्हणतो. कीड तिथवर पोचली की गर सुजतो, पण भोवती दाताच्या टणक भिंती असल्यामुळे त्याला पसरायला जागा नसते. तो कोंडून मरतो. पोटात घेतलेलं औषध रक्तावाटेच पोचतं आणि मेलेल्या गरात रक्त जातच नाही. त्यामुळे बाहेरची सूज चार दिवस ओसरते, आतले जंतू तसेच राहतात आणि दुखणं पुन्हा उलटतं.

आणि ‘ठणका थांबला की बरा’? गार पाणी लागल्यावर कळ अर्धा मिनिट टिकत असेल, रात्री आडवं झाल्यावर दाढ आपोआप ठणकत असेल, तर नस सुजलेली आहे. पुढे एक दिवस गार-गरम काहीच लागेनासं होतं. लोक खूश होतात; खरं तर नस मेलेली असते. मग चावताना तोच दात उंच झाल्यासारखा वाटतो, टिचकी मारली तरी दुखतो, कारण संसर्ग मुळाच्या टोकातून हाडात उतरलेला असतो. हिरडीवर पुळी येऊन फुटली की दाब कमी होतो, ठणकाही थांबतो. पू मात्र तयार होतच राहतो.

अमेरिकन डेंटल असोसिएशनची २०१९ची मार्गदर्शक सूचना यावर स्पष्ट आहे : प्रकृती एरवी चांगली असलेल्या प्रौढाच्या दातावर लगेच उपचार होऊ शकत असतील, तर अशा बहुतेक दुखण्यांत अँटिबायोटिक देऊ नये. उपचार म्हणजे दात उघडून मुळांतल्या नळ्या साफ करणं (रूट कॅनॉल), गळूला चीर देऊन पू काढणं किंवा दात काढणं. ताप असेल, अंग मोडून आलं असेल, सूज पसरत असेल तर औषध लागतं, पण किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. अँटिबायोटिकची लाल उभी रेघ असलेली स्ट्रिप डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते.

गरम शेक बाहेरून देऊच नका. त्याने सूज वाढते, पू गालाच्या कातडीकडे ओढला जाण्याचा धोका असतो. गालावर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि कपभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून खळखळून चुळा भरा. वेळ मिळेपर्यंत जेवणानंतर आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम प्रौढांना चालतं. मात्र अल्सर, किडनीचा आजार, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन नको. पावसाळ्यात ताप असला आणि डेंग्यूची शंका असली, तर फक्त पॅरासिटामॉल.

रूट कॅनॉल आणि कॅन्सर : या भीतीचं मूळ १९२०च्या दशकातल्या वेस्टन प्राइस या डेंटिस्टच्या सदोष प्रयोगांत आहे. पुढे ते टिकले नाहीत. नजरेचंही तसंच. दाताची नस आणि डोळ्याची नस वेगळ्या. उलट वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला, तर तो डोळ्याच्या खोबणीपर्यंत जाऊ शकतो.

तोंडात दोन बोटंसुद्धा उभी मावत नसतील, गिळता येत नसेल, लाळ गळत असेल, जबड्याखाली टणक सूज आली असेल, जीभ वर उचलली गेली असेल किंवा डोळा सुजून मिटत असेल, तर दवाखान्याच्या वेळेची वाट पाहू नका. जबड्याखालची सूज श्वास कोंडू शकते. १८३६मध्ये वर्णन झालेला लुडविग्ज अंजायना तो हाच. अशा वेळी मोठ्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा. आणि मेसेजमधला पैशांचा मुद्दा खरा असेल, तर साध्या उपचारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो.