पत सांभाळा, छत राहू द्या

बिल्डर आहात? नाव खराब होतंय? घाबरू नका. बांधकाम सुधारण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका, त्यात उगाच सिमेंट जातं. सरळ पीआरवाला नेमा.

आधी पुरस्कार घ्या. अंधेरीच्या एखाद्या पंचतारांकित हॉटेलात कार्यक्रम असतो, टेबलाचे पैसे भरले की ट्रॉफी मिळते. 'पश्चिम उपनगरांतील सर्वात विश्वासू विकासक, मध्यम गट' अशी खास तुमच्यापुरती वर्गवारीही काढून देतात. फोटो साइट ऑफिसात लावा. मागची ओल झाकली जाते.

गणपतीत मंडळाला कमान द्या, रस्ता अडला तरी चालेल.

गूगलवर ऑफिसातल्या पोरांकडून पाच-पाच तारे टाकून घ्या. फक्त इमारतीला ओसी, म्हणजे राहायला परवानगी देणारा दाखला, मिळायच्या आधी 'राहायला आल्यापासून खूप समाधानी' असं लिहू नका म्हणावं. आमच्या बिल्डरच्या पोरांनी लिहिलंय. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली आयएस १९००० नावाचं मानक काढलं, पण ते ऐच्छिक आहे, तेव्हा निवांत.

आणि एवढं करूनही एखाद्या नतद्रष्टाने एकच तारा देऊन छताचा फोटो टाकला, तर वकिलाची नोटीस धाडा. मला आलीय. कांदिवलीतला नवा फ्लॅट, पहिल्याच पावसात बेडरूमच्या छताचे पोपडे गादीवर, पंख्याच्या दांड्यावरून पाणी. बिल्डरचा इंजिनिअर आला, बोटाने भिंत चाचपली आणि म्हणाला, 'दमट हवा आहे हो, खिडक्या उघड्या ठेवा.' पावसात! म्हणून मी फोटो टाकला, तर 'आमच्या अशिलाची बाजारातील पत धुळीस मिळाली' आणि भरपाई किती, तर माझ्या फ्लॅटच्या किमतीहून जास्त. वर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. त्याच कलमाचा पहिला अपवाद मात्र नोटिशीत नाही: लोकहितासाठी सांगितलेलं खरं म्हणजे बदनामी नव्हे. कागद संपला असेल बहुतेक.

वकीलसाहेब, तुमच्यासाठीही एक युक्ती. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार तुम्हाला जाहिरात करता येत नाही. २००८ पासून वेबसाइट चालते, पण नाव, पत्ता, पात्रता, कामाचं क्षेत्र अशी ठरावीक माहितीच लिहायची. मग उघडतानाच 'ही माहिती मी स्वखुशीने मागवली आहे' यावर लोकांना टिचकी मारायला लावा. आणि काळा कोट घालून, हायकोर्टाची इमारत मागे धरून रील काढा, खाली 'केवळ शैक्षणिक हेतूने'. मला नोटीस पाठवणारे असेच शिक्षणमहर्षी आहेत. त्यांच्या एका रीलचा विषय काय, तर 'बिल्डरने फसवलं? घाबरू नका!'

अरे बिल्डरसाहेब, लाज वाटत नाही का? रेराचं, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम १४ वाचा एकदा. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि कळवला, तर तीस दिवसांत, फुकट दुरुस्त करून द्यायचा. कायदा २०१६ चा आहे, काही काल आलेला नाही. पीआरवाल्याला आणि वकिलाला दिलेत तेवढ्यात अख्ख्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं असतं. अभिप्राय मी काढणार नाही. नोटिशीला उत्तर जाईल, महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रारही जाईल. पत्ता तुमच्याकडे आहेच, पुढच्या वेळी त्यावर गवंडी पाठवा.