बेलापूर स्टेशनं किती?

काल रात्रीपासून माझं टाळकं सटकलेलंय आणि त्याला कारण खालच्या मजल्यावरचे काका, जे खरं तर फक्त विरजण न्यायला आले होते.

मे महिन्यात आम्ही दोघं युरोपला चाललोय, पॅरिस, झुरिक, व्हेनिस, म्युनिक, प्राग, आणि टूरवाल्यांच्या झेंड्यामागे नाही तर स्वतः ट्रेनने, असं मी ऑफिसात चारचौघांना सांगून बसलोय. लेक म्हणाली बाबा युरेल पास काढा, ३३ देशांत चालतो. चालतो, पण फ्रान्स-इटलीतल्या फास्ट गाड्यांना पास असूनही सीटचे पैसे वेगळे. म्हणजे लग्नाचं आमंत्रण आहे पण ताटाचे पैसे भरा. सोडला पास, सुटी तिकिटं काढायला बसलो. पॅरिस-झुरिकची गाडी 'गार द लियाँ'वरून सुटते म्हणून अर्धा तास नकाशात लियाँ शहर बघत बसलो, ते स्टेशन पॅरिसातच आहे हे नंतर कळलं. असो.

तर काल व्हेनिस-म्युनिक. काका रेल्वेत बुकिंगला होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण खिडकी अजून बंद केलेली नाही. वाटी हातात धरून माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये बघत उभे.

"लोअर मिळतोय का?"

"काका, दिवसाची गाडी आहे, बसून जायचंय."

"वेटिंग किती?"

"तिकडे वेटिंग नसतं."

काकांचा चेहरा एकदम पडला. "नसतं? मग लोक चार्ट लागेपर्यंत करतात काय?"

तेवढ्यात स्क्रीनवर आलं, व्हेनेझिया ते 'मोनाको दी बाविएरा', ३९ युरो. मी म्हटलं बघा, साईट गंडलीय, मी म्युनिक टाकतोय आणि ही मला मोनाकोला पाठवतेय, ते फ्रान्सच्या खाली समुद्राकाठचं, कसिनोवालं.

"आणि ते पुढचं काय?"

"असेल गल्लीचं नाव."

काका न विचारता खुर्ची ओढून बसले, वाटी माझ्या पासपोर्टवर ठेवली. "मला सांग, बेलापूर स्टेशनं किती?"

"काय?"

"मी बेलापूरला चार वर्षं काढलीत. दौंड-मनमाड लाईन. पाटी बेलापूरची आणि बाहेर पडलं की श्रीरामपूर! एक पोरगा नवी मुंबईत इंटरव्ह्यूला निघालेला, माझ्या खिडकीशी येऊन विचारतो, पाम बीच रोडला रिक्षा कुठे मिळेल? तसं हे दुसरं मोनाको असेल. नावावर जाऊ नको, मधली स्टेशनं बघ."

"काका, हा युरोप आहे. तिथे असले गोंधळ नसतात."

हे मी बोललो. माझ्या तोंडाने. आणि रुबाबात टॅब बंद केला.

मग हिने फोनवर शोधलं. इटालियन लोक म्युनिकला मोनाकोच म्हणतात. दी बाविएरा म्हणजे बव्हेरियातलं. गाडी वेरोना, इन्सब्रुक करत सरळ म्युनिकलाच जाते. परत साईट उघडली तर त्याच गाडीचे ९४ युरो! माणशी! काका काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली, आणि तेच जास्त लागलं. वरून ही म्हणते, बघायची ना मधली स्टेशनं.

अरे पण एका गावाला नावं तरी किती? जर्मन त्यालाच म्युन्शेन म्हणणार, व्हिएन्नाला वीन, आणि प्रागच्या बोर्डावर प्राहा. आपल्याकडे स्टेशनच्या पाटीवर तीन-तीन भाषा असतात, हसतो आपण त्याला. आणि हे सगळं अजून व्हिसा हातात नसताना चाललंय बरं का. शेंगेनच्या अर्जाला कुठून कुठे जाणार त्याचा तपशील दाखवायचा, स्वस्त तिकीट घ्यावं तर ते नॉन-रिफंडेबल, आणि व्हिसा नाकारला तर वर ९० युरो फी पण गेली. आपण पैसे खर्च करायला चाललोय की उधार मागायला, हेच कळेनासं होतं. मुकाट दोघांचे १८८ भरले.

आज सकाळी लिफ्टमध्ये चौघं होते. काका मोठ्याने, "काय रे, बेलापूर कन्फर्म झालं का?"

वाटी अजून परत आलेली नाही.