ओर्मननी मतं खाल्ली, पण कोणाची?

'कॅन्सस हे अमेरिकेतलं पक्कं रिपब्लिकन राज्य. २०१८ साली तिथे डेमोक्रॅट लॉरा केली गव्हर्नर झाल्या, त्या फक्त अपक्ष ग्रेग ओर्मन यांनी रिपब्लिकन क्रिस कोबाक यांची मतं खाल्ली म्हणून.' हा दावा पुन्हा पुन्हा पुढे केला जातो. मतविभागणी हा आपल्याला पाठ असलेला खुलासा, त्यामुळे ऐकताक्षणी पटतो. (गव्हर्नर म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच समजा, आपल्याकडचा राज्यपाल नव्हे.)

आधी आकडे. केलींना सुमारे ५ लाख ७ हजार मतं, कोबाकना ४ लाख ५४ हजार, ओर्मनना ६८ हजारांच्या वर. म्हणजे केली-कोबाक यांच्यातलं अंतर ५३ हजारांचं. ते भरून निघायला ओर्मन यांच्या दर दहा मतदारांपैकी जवळपास नऊ जण कोबाककडे वळायला हवे होते, आणि घरी कोणीच बसायला नको होतं. आता हे ओर्मन कोण? २०१४ च्या सिनेट निवडणुकीत डेमोक्रॅट उमेदवाराने माघार घेतल्यावर रिपब्लिकन पॅट रॉबर्ट्स यांना भिडले ते हेच. केलीविरोधी मतं त्यांच्याकडे एकगठ्ठा होती असं मानायला आधार काय? उलट २०१८ मध्ये त्यांच्या उमेदवारीने धास्तावले होते ते डेमोक्रॅट!

'पक्कं रिपब्लिकन' हेही अर्धंच खरं. राष्ट्राध्यक्षपदासाठी कॅन्ससने १९६४ नंतर डेमोक्रॅटला कौल दिलेला नाही, हे मान्य. पण गव्हर्नर म्हणून १९९० साली जोन फिनी आणि २००२ व २००६ साली कॅथलीन सिबेलियस निवडून आल्या होत्या. दोघीही डेमोक्रॅट.

दावा करणारे एक नाव मात्र शिताफीने टाळतात: सॅम ब्राउनबॅक. या रिपब्लिकन गव्हर्नरांनी २०१२ साली आयकर मोठ्या प्रमाणात कापला आणि कित्येक छोट्या-मोठ्या धंद्यांच्या नफ्यावरचा राज्याचा आयकर तर पारच काढून टाकला. धंदे फोफावतील, तिजोरी भरेल, असा हिशोब होता. तिजोरीला भगदाड पडलं, राज्याचं पतमानांकन घसरलं, शाळांच्या पैशांवरून कोर्टकज्जे चालूच राहिले. अखेर २०१७ च्या जूनमध्ये विधिमंडळाने ब्राउनबॅक यांचा नकाराधिकार ओलांडून ही करकपात मोडीत काढली. विधिमंडळात बहुमत कोणाचं? रिपब्लिकनांचंच. आणि वर्षभराने कोबाक पुन्हा करकपातीचं आश्वासन घेऊन मैदानात!

पक्ष तरी त्यांच्यामागे एकदिलाने होता का? प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, ब्राउनबॅक यांच्यानंतर आलेले तेव्हाचे गव्हर्नर जेफ कॉलियर यांना त्यांनी हरवलं ते अवघ्या ३४३ मतांनी, तीन लाखांहून जास्त मतदानात. मग माजी रिपब्लिकन गव्हर्नर बिल ग्रेव्ह्ज आणि माजी सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम यांनी उघडपणे केलींना पाठिंबा दिला. ही फूट ओर्मननी पाडली नव्हती.

केलींना निम्मी मतं मिळाली नव्हती, हे खरंच. २०२२ मध्ये पुन्हा निवडून आल्या तेव्हाही मिळाली नाहीत. त्या वेळी ओर्मन नव्हते. अपक्ष होते ते डेनिस पाइल, मूळचे रिपब्लिकन आणि चांगलेच उजवे. त्यांना सुमारे २० हजार मतं पडली. ती सगळीच्या सगळी रिपब्लिकन डेरेक श्मिट यांच्या पारड्यात टाका, तरी केली दोनेक हजारांनी पुढेच राहतात.