पीक (PEEK) या पॉलिमरला हाड सहजी धरत नाही, तेही लिहायला हवं होतं

‘पीक हे पॉलिमर हाडासारखंच लवचिक, म्हणून मणक्यासाठी टायटॅनियमपेक्षा केव्हाही सरस’ हे मणक्यातल्या इम्प्लांटवरच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. ताठरपणाचा मुद्दा मान्य. पीक ३ ते ४ गिगापास्कल, भरीव टायटॅनियम ११० च्या आसपास. पण पीकला हाड सहजी धरत नाही! त्याच्या पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, पेशी नीट चिकटत नाहीत, मध्ये तंतुमय पापुद्रा धरू शकतो. म्हणूनच तर त्यावर टायटॅनियमचा थर देणं, हाडातलंच खनिज असलेलं हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट मिसळणं, पृष्ठभाग सच्छिद्र करणं हे सगळं चाललंय. नव्या संशोधनाचा गाभा हाच, आणि लेखात त्यावर एक ओळही नाही.

माझ्या आईच्या कमरेतल्या एल४-एल५ मणक्यांमध्ये पीकचा केज, म्हणजे दोन मणक्यांमध्ये बसवायचा पोकळ ठोकळा, आहे. एक्स-रेत तो दिसतच नाही, दिसतात फक्त त्यात बसवलेले टॅन्टलम धातूचे बारीक ठिपके. फायदा असा की आत हाड भरतंय का, ते डॉक्टरांना झाकोळ न येता बघता येतं. दर वेळी फिल्म खिडकीकडे धरून ठिपक्यांमधली करडी जागा पांढरी होतेय का, ते मी बघायचे. ती पांढरी व्हायला वर्ष उलटलं. तोवर आईला खाली बसून भाजी निवडायचीही मनाई होती.